मांजा माझा, मान कुणाची?

भारतीय कायद्याने पतंगाला तब्बल नव्वद वर्षं विमान मानलं. १९३४ च्या विमान कायद्यातली व्याख्या वाचली की थक्क व्हायला होतं. हवेच्या आधाराने वातावरणात तरंगू शकणारं कुठलंही यंत्र म्हणजे विमान, असं सांगून कायदा एकेक नाव घेत जातो: फुगे, हवाई जहाजं, पतंग, ग्लायडर, उडती यंत्रं. समुद्र ओलांडणारं जंबो जेट आणि सुरतेच्या डबगरवाडमधून आणलेला कागदी पतंग एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले! १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. तोवर सुरतेच्या कितीतरी पिढ्यांची दर चौदा जानेवारीला गच्चीवरून अशी विमानं उडवून झाली होती.

याला लागूनच दुसरा नियम पाहा. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियमावली आली. त्यात २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन वगळला तर बाकी ड्रोनना थर्ड पार्टी विमा हवाच. मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याच्या तरतुदीच तिथे लागू केल्या आहेत. हौसेने उडवलेला ड्रोन रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात पडला तर भरपाई कुठून येणार, हे तो जमीन सोडण्याआधीच ठरलेलं असावं, हा त्यामागचा विचार. पतंगाचं वजन काही ग्रॅमच. त्याचा विमा कुणी उतरवत नाही, कुणी मागतही नाही. पण पतंगाचा धोका पतंगात नसतोच, तो दोऱ्यात असतो.

हा दोरा कसा घडतो ते डिसेंबरात सुरतेच्या रस्त्यांवर उघड्यावर पाहायला मिळतं. दोन खांबांमध्ये सुती दोऱ्याचे पदर ताणलेले असतात. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेले कारागीर काचेची पूड, खळ आणि रंग यांची लुगदी मुठीत धरून त्या पदरांवरून चालत जातात, परत येतात, पुन्हा जातात. दोरा लुगदी पितो, उन्हात वाळतो आणि मग फिरकीवर चढतो. नऊ तारी, बारा तारी असे त्याचे प्रकार. ‘सुरती मांजा’ हे नाव गुजरातभर तर चालतंच, पण मुंबईतल्या आणि खानदेशातल्या पतंगबाजांनाही ते पाठ आहे. संक्रांतीचे तीन दिवस आसारीवर दोरा गुंडाळत पेच लढवणाऱ्या येवल्याच्या माणसाला दोऱ्याची पारख काय सांगावी! या दोऱ्याला एकच काम दिलेलं असतं, समोरच्याचा दोरा कापण्याचं. बाकीच्या छंदांची साधनं चुकून इजा करतात. चेंडू लागतो, कुंडी पडते. मांजा मुळातच कापण्यासाठी बनवलेला असतो, आणि आकाशातलं काम झाल्यावर तो कुठे जाऊन पडेल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

साधा हिशेब करून पाहू. दोऱ्याची जाडी ०.३ मिलिमीटर धरू, ओढ तीन किलोची, आणि तो मानेच्या सहा सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाईवर टेकलेला. ओढीला जाडी आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागलं की त्वचेवरचा दाब निघतो सुमारे १६ वातावरणं, म्हणजे स्कूटरच्या टायरमध्ये असतो त्याच्या सात-आठ पट, आणि तोही एका बारीक रेषेवर एकवटलेला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. तेवढ्या अवधीत दोरा मानेवरून सरकतो आणि त्यावरची काच कापत जाते. सुती दोरा निदान एका मर्यादेपलीकडे तुटतो. नायलॉनचा सहजी तुटत नाही, कुजतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली.

सुरतेत हा धोका आणखी एका गोष्टीमुळे वाढतो, आणि ती शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. तापीवरचे, खाड्यांवरचे, रेल्वेवरचे, चौकांवरचे असे सगळे मिळून सुरतेत शंभरावर पूल आहेत. कापलेल्या पतंगाचा दोरा वाऱ्यावर वाहत येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत राहतो. खालच्या रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून तो निघून जाईल. उड्डाणपूल मात्र दुचाकीस्वाराला नेमका त्याच उंचीवर नेऊन सोडतो, तेही वेगात. म्हणून उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसांत सुरत पोलीस उड्डाणपुलांवर दुचाकींना मनाई करणारे आदेश काढत आले आहेत, आणि जानेवारी लागला की शहरातल्या असंख्य स्कूटरच्या हँडलवर सळीची कमान चढते. एका छंदापायी चाळीस लाखांवर वस्तीचं शहर आपले पूल दुचाकींना बंद करतं, ही मला विलक्षण गोष्ट वाटते. धोका आहे, हे इथे सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं आहे.

मग एवढं करूनही कुणाचा गळा चिरला गेला, तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं? बुडालेला पगार? आणि जीवच गेला तर मागे राहिलेल्या घराचं काय?

कायद्याकडे याची दोन उत्तरं आहेत आणि ती वेगवेगळ्या दारांतून येतात. एक दार फौजदारी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे विम्याचा काही उपयोग नाही. शिक्षेचा विमा उतरत नाही. दुसरं दार दिवाणी. ज्याच्या हयगयीने दुसऱ्याचं नुकसान झालं त्याने ते भरून द्यावं, हे तत्त्व. मृताच्या वारसांना अशी भरपाई मागता यावी म्हणून आपल्याकडे १८५५ सालापासून एक छोटासा कायदा आहे. दायित्व विमा या दुसऱ्या दाराशी उभा असतो. ‘दायित्व’ हा कागदोपत्री शब्द झाला, गाडी घेतलेला प्रत्येकजण त्याला थर्ड पार्टी म्हणून ओळखतो. आयुर्विमा, आरोग्य विमा, चोरीचा विमा हे सगळे माझ्या नुकसानीचे. हा एकटा विमा असा, ज्यात हप्ता मी भरतो आणि पैसे जातात मी कधी पाहिलेल्याही नसलेल्या माणसाच्या घरी. माणसाने शोधलेल्या व्यवहारांत हा मला सर्वांत देखणा व्यवहार वाटतो.

पण हयगय म्हणजे नेमकं काय? यावरचा सर्वांत गाजलेला निकाल एका क्रिकेटच्या चेंडूने दिला आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये मँचेस्टरजवळच्या चीटम क्लबच्या मैदानावरून एका फलंदाजाने चेंडू असा टोलवला की तो सुमारे शंभर यार्डांवर, आपल्या घराबाहेर उभ्या असलेल्या एका बाईंना जाऊन लागला. बाईंनी क्लबवर दावा लावला. खालचं न्यायालय क्लबच्या बाजूने गेलं, अपील न्यायालय बाईंच्या. शेवटी १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: तीस वर्षांत मोजून पाच-सहा वेळा चेंडू कुंपणाबाहेर गेला असेल, कुंपणही पुरेसं उंच होतं, एवढ्या क्षीण शक्यतेपायी क्लबला दोषी धरता येणार नाही. बाई हरल्या. कायदा शिकणारी पोरं ‘बोल्टन विरुद्ध स्टोन’ म्हणून हा खटला आजही घोकतात. धोका असणं आणि तो दखल घेण्याइतका असणं, यांतली रेषा त्याने आखून दिली.

१९७७ मध्ये इंग्लंडमधल्याच लिंट्झ गावचा खटला उभा राहिला. तिथे मैदानाला लागून नवी घरं झाली होती आणि चेंडू वारंवार कौलांवर, खिडक्यांवर येऊन पडत. या वेळी न्यायाधीशांनी बहुमताने क्लबचा दोष मानला. खेळ मात्र थांबवला नाही. खेळा, पण नुकसान भरून द्या, असा तो निकाल. छंदाबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य न्यायालयाला क्वचितच सुचलं असेल.

हीच मोजपट्टी सुरतेच्या गच्चीला लावून बघा. तीस वर्षांत पाच-सहा वेळा? इथे पोलीस दर वर्षी आदेश काढतात, लोक स्कूटरला सळ्या लावतात, वन खातं जानेवारीत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालवतं. ‘मांजाने कुणाला लागेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं’ असं सुरतेतला पतंगबाज न्यायालयात कोणत्या तोंडाने म्हणणार? पूल बंद करणारा आदेश हाच धोका ठाऊक असल्याचा सर्वांत मोठा पुरावा. म्हणजे निदान तत्त्वापुरतं तरी पतंग उडवणाऱ्याच्या डोक्यावर दायित्व आहे, आणि मँचेस्टरच्या क्लबपेक्षा कितीतरी जास्त आहे.

तरीही जखमी माणसाच्या हाती काही लागत नाही, कारण दोऱ्यावर नाव नसतं.

लिंबायतच्या गच्चीवरून एकाने पतंग चढवला. पलीकडच्या इमारतीतल्या दुसऱ्याने पेच लावून तो कापला. ‘काइपो छे’चा गजर झाला, पतंग गुल झाला, आणि शंभर-दोनशे हात दोरा शेपटीसारखा घेऊन तो उधन्याच्या दिशेने निघाला. वाटेत एका पोराने पतंग पकडला आणि दोरा तोडून टाकला. उरलेला तुकडा दिव्याच्या खांबाला अडकून पुलावर लोंबू लागला. आता दोष कुणाचा? ज्याचा दोरा त्याचा, ज्याने कापला त्याचा की ज्याने तोडून सोडून दिला त्याचा? तिघांचाही थोडा थोडा आहे, आणि तिघेही सापडणार नाहीत. दायित्व विम्याला दोन गोष्टी लागतात. दायित्व कायद्याने सिद्ध व्हावं लागतं आणि ते कुणाच्या तरी नावावर चढावं लागतं. पहिली गोष्ट इथे आहे, दुसरी वाऱ्यावर गेलेली आहे.

हे कोडं पतंगाने पहिल्यांदा घातलेलं नाही. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचंही असंच होतं. नंबर कळला नाही तर विमा कंपनी कुठली शोधायची? आपल्या मोटार वाहन कायद्याने यावर तोडगा काढला: गाडी अज्ञात असली तरी मृताच्या वारसांना ठरावीक रक्कम मिळेल. १ एप्रिल २०२२ पासून ती दोन लाख रुपये आहे, गंभीर जखमीला पन्नास हजार. त्यासाठीचा पैसा सामाईक निधीतून येतो. कुणाची चूक हे कळत नसेल तर जे सगळे रस्ता वापरतात त्यांच्यावर तो भार थोडा थोडा वाटून टाकायचा, हे त्यामागचं तत्त्व. पतंगाला हे तत्त्व हुबेहूब लागू पडतं. समजा सुरतेतल्या पाच लाख घरांनी वर्षाला वीस वीस रुपये काढले, तर एक कोटी रुपये जमतात. दोन लाखांच्या हिशेबाने पन्नास कुटुंबांना पुरतील एवढे. फिरकीच्या किमतीत वीस रुपये कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.

आता बाजारात आज काय मिळतं ते पाहू. इथे तर आश्चर्याची रांगच लागते.

सरकारी विमा कंपन्यांकडे हौशी खेळाडूंसाठी ‘क्रीडा विमा’ नावाची पॉलिसी पूर्वीपासून आहे. तिच्यात साहित्याची चोरी-मोडतोड, खेळाडूचा स्वतःचा अपघात आणि खेळताना दुसऱ्याला झालेल्या इजेचं दायित्व, तिन्ही येतं. कुठले खेळ? गळाने मासे धरणं, बॅडमिंटन, क्रिकेट, गोल्फ, लॉन टेनिस, स्क्वॉश आणि बंदुकीची नेमबाजी. गोल्फसाठी तर वेगळी पॉलिसीच आहे. त्यात थर्ड पार्टी आहेच, शिवाय एका फटक्यात चेंडू थेट खळग्यात गेला तर मित्रांना द्याव्या लागणाऱ्या मेजवानीचाही खर्च मिळतो! यादी पुन्हा वाचा. पतंग नाही. ज्या खेळाला मैदान लागत नाही, ज्यात लाखो माणसं एकाच दिवशी उतरतात आणि ज्याच्यामुळे अनोळखी माणसाला जीव गमवावा लागू शकतो, तो या यादीतून सुटला. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्लब होते, गच्च्या नव्हत्या.

घराच्या विम्याचं काय? २०२१ च्या १ एप्रिलपासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी ठेवणं बंधनकारक झालं. आग, पूर, भूकंप, दंगल यांपासून इमारत आणि सामान यांना ती संरक्षण देते, आणि पुराचा अनुभव घेतलेल्या सुरतेत ती प्रत्येक घरात असावी असं माझं मत आहे. पण तुमच्या घरामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते तिच्या मूळ रचनेत येत नाही. त्यासाठी ‘हाउसहोल्डर्स’ नावाने मिळणारी जुनी पॅकेज पॉलिसी विचारावी लागते. तिच्यात दहा-एक भाग असतात, आणि त्यांतला एक सार्वजनिक दायित्वाचा. एजंट दागिन्यांचा भाग आवर्जून दाखवतो, हा भाग मात्र क्वचितच.

आणि घरातल्या छंदांना त्याची केवढी गरज असते! चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच मत्स्यपेटीत ३४० लिटर पाणी मावतं. म्हणजे हौसेने दिवाणखान्यात ठेवलेले ३४० किलो. रात्री एक सांधा सुटला की ते पाणी खालच्या घरात उतरतं. सुरतेत खालच्या घरात कदाचित बाजारातून आणलेला साड्यांचा गठ्ठा असतो. टिकल्या, लेस लावून परत द्यायचा, आणि त्यावर त्या घरातल्या बायकांचं महिन्याचं गणित चालतं. माशांची हौस वरच्या घराची, भिजलेला माल खालच्या घराचा, आणि मालाचा मालक तिसराच. आठव्या मजल्याच्या कठड्यावरच्या कुंडीबद्दल तर सांगायलाच नको. पुढे डुमसच्या रस्त्यावर पहाटे सायकल पिटाळणारे आले, कुत्री पाळणारे आले. पाळीव कुत्र्याच्या काही पॉलिसींत त्याने दुसऱ्याला चावण्याचं दायित्व घेता येतं, हे कुत्रा पाळणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

सायकलवरून जपानची गोष्ट सांगायलाच हवी. २००८ मध्ये कोबे शहरात प्राथमिक शाळेतल्या अकरा वर्षांच्या मुलाने उतारावरून सायकलने येताना एका बाईंना धडक दिली. त्यांची शुद्ध परत आली नाही. २०१३ मध्ये कोबेच्या न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला सांगितले. मुलाला नीट शिकवण, देखरेख नव्हती म्हणून. सगळा देश हादरला. दोनच वर्षांत, २०१५ च्या ऑक्टोबरात, कोबे ज्या ह्योगो प्रांतात येतं तिथे सायकलसाठी दायित्व विमा सक्तीचा झाला, आणि मग एकामागून एक प्रांत त्या वाटेने गेले. आपल्याकडे मुलाच्या चुकीसाठी आईबापांना आपोआप दोषी धरत नाहीत. त्यांची स्वतःची हयगय दाखवावी लागते. पण दहा वर्षांच्या पोराच्या हाती बंदी असलेला नायलॉन मांजा देणं ही हयगय नाही, असं कोण म्हणेल?

जर्मनीत तर असा विमा सक्तीचा नसूनही बहुतेक घरांत असतो. १९०० पासून लागू असलेल्या तिथल्या दिवाणी संहितेने, हयगयीने दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्याला ते पूर्ण भरून द्यायला लावलं आणि रकमेला छत ठेवलं नाही. आयुष्यभराची कमाई एका चुकीत जाऊ शकते, म्हणून माणसं वर्षाकाठी थोडे पैसे बाजूला टाकून मोकळी होतात. अमेरिकेत मॉडेल विमानं उडवणाऱ्यांची १९३६ सालची जुनी संघटना आपल्या सदस्यांना २५ लाख डॉलरपर्यंतचं दायित्व छत्र देते. तिथल्या पतंगबाजांचीही संघटना आहे, १९६४ ची, आणि तिने मान्यता दिलेल्या पतंगोत्सवांना असंच छत्र मिळतं.

या संघटनांकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट पैशांपलीकडची आहे. विमा आला की नियम येतात. गर्दीवरून उडवायचं नाही, विजेच्या तारांपासून लांब राहायचं, अमुक साहित्य वापरायचं नाही. हे नियम पाळले नाहीत तर भरपाईची हमी जाते, म्हणून सदस्यच एकमेकांवर लक्ष ठेवतात. १८८० मध्ये ब्रिटनने कामगारांच्या इजेबद्दल मालकाला जबाबदार धरणारा कायदा केला आणि त्याच वर्षी त्या जबाबदारीचा विमा उतरवणारी कंपनीही निघाली. पैसे विमा कंपनी देणार म्हटल्यावर मालक बेफिकीर होतील, ही शंका अशा विम्याबद्दल तेव्हाही घेतली गेली आणि अजूनही घेतली जाते. शंका रास्त आहे, पण उत्तर पॉलिसीच्या अटींतच असतं. सुरतेच्या पतंगासाठी पॉलिसी लिहायची झाली तर तिची पहिली अट मला स्पष्ट दिसते: दोरा सुतीच. नायलॉन सापडला तर छत्र नाही. हजार छाप्यांनी होणार नाही ते काम एका वाक्यात व्हायला लागेल, कारण मग शेजारच्या गच्चीवर कुठला मांजा आहे याची काळजी पोलिसांइतकीच सोसायटीच्या सेक्रेटरीलाही वाटेल.

आणि हे सुरतेत व्हावं, यात औचित्य आहे. मराठी वाचकाला सुरत म्हटलं की १६६४ आठवतं; महाराजांचे घोडेस्वार आणि विरजी व्होराची लुटलेली कोठी. त्या संपत्तीमागे जो व्यवहार होता तो आपण सहसा पाहत नाही. मोखा, जेद्दापर्यंत जहाजं धाडणाऱ्या या बंदरातले सराफ मालाच्या जोखमीचा भाव ठरवत, विमा उतरवत. पश्चिम किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक अफाट कागद चालत असे. तो जहाजावरच्या मालावर काढलेला असे, आणि त्याचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यायचे. जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. कर्ज, पैशांची रवानगी आणि विमा, तिन्ही एकाच कागदावर! वादळ कुणाच्या हातात नसतं, पण त्याचं ओझं एकट्याच्या डोक्यावर पडू न देणं आपल्या हातात असतं, हे ज्या शहराने ओळखलं त्याला पतंगाची जोखीम वाटून घेणं जड का जावं?

उधना, पांडेसरा, नवागाम, दिंडोली या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली हजारो मराठी घरं आहेत. मंडळ करून काम करायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली. गणेशोत्सवात याचं उदाहरणही समोर आहे: मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ मध्ये चारशे कोटींवर रकमेचा विमा उतरवला होता. बातम्यांत सोन्याचा गाजावाजा झाला, पण अशा पॉलिसीत मंडपात येणाऱ्या भाविकांना काही झालं तर त्यासाठीचं सार्वजनिक दायित्वही धरलेलं असतं. मंडळाला चार-पाच दिवसांच्या मंडपासाठी असा विमा मिळू शकतो, तर सोसायटीने आपल्या सामाईक गच्चीसाठी उत्तरायणाच्या दोन दिवसांपुरतं सार्वजनिक दायित्व का मागू नये? कंपनी एका गच्चीसाठी कदाचित नाही म्हणेल. पन्नास सोसायट्या एकत्र गेल्या तर तिला विचार करावा लागेल.

तोवर जखमी होणाऱ्याच्या बाजूनेही थोडी तयारी करता येते, आणि ती लोकांना माहीत नसते. दुचाकीच्या मालकाला स्वतःसाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेणं सक्तीचं आहे. वैध लायसन्ससह स्वतःची गाडी चालवताना बाह्य, आकस्मिक कारणाने मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर तो लागू होतो. मांजाचा अपघात या व्याख्येत बसतो, असं माझं वाचन आहे, आणि घरच्यांनी तो दावा केल्याशिवाय राहू नये. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. दोन्हींत दोरा कुणाचा हे सिद्ध करावं लागत नाही.

सुरत महानगरपालिकेने आणि एखाद्या सरकारी विमा कंपनीने मिळून पतंगाचा सामाईक निधी उभारावा, ही माझी मागणी आहे. तो उभा राहण्याची वाट मात्र पाहत बसू नका. डिसेंबर संपायच्या आत सोसायटीच्या बैठकीत विषय काढा. एजंटला तीन गोष्टी विचारा: आमच्या पॉलिसीत सार्वजनिक दायित्व आहे का, ते फक्त घराच्या हद्दीत चालतं की बाहेरही, आणि वकिलाचा खर्च त्यात धरला आहे का. उत्तरं लेखी घ्या. गच्चीवर सुतीच दोरा चढू द्या, संध्याकाळी तुटलेला दोरा गोळा करून कचऱ्यात टाका, आणि चौदा-पंधरा जानेवारीला दुचाकी घेऊन पुलावर जाऊ नका.